बांधावरचा पाहुणा

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आधी उत्तर आणि मग कारणं, असंच मी वर्गात आयुष्यभर शिकवलं. तर हो, खरं आहे. तुमचे बाबा आपल्या घरात राहत नाहीत. त्यांना उंबऱ्याच्या आत यायला कोर्टाची मनाई आहे आणि ती मनाई मी मागून घेतली आहे. ती उठवावी म्हणून पुन्हा कोर्टात गेले तीही मीच. तरी ती उठलेली नाही, आणि त्यालाही कारण मीच आहे.

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने हे विचारलं आणि मोठीने त्याला कोपराने ढोसलं, ते मला पडद्यावर दिसलं. मी "नंतर सांगते" म्हणाले. समोर सालगड्याची बायको ज्वारी निवडत बसली होती आणि तिच्यादेखत बोलायला लाज वाटली, असं नाही. तिला सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा थोडं जास्तच. पण फोनवर असल्या गोष्टी तुकड्यातुकड्यांत सांगितल्या जातात, आणि तुकडे तुमच्यापर्यंत आधीच कुणीतरी पोचवलेले दिसतात. म्हणून लिहिते. पुढे मी त्याला 'तो' म्हणेन. तुमचा तो बाबा असला तरी माझा मुलगा आहे.

तुमची आई तुम्हाला घेऊन गेली त्याचं कारण मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तुम्ही गेल्यावर घरात मी आणि तो राहिलो. तुमचे आजोबा त्याआधीच गेले होते. पुढची दोन-तीन वर्षं तो पुढाऱ्यांच्या गाड्यांमागे फिरला. निवडणूक आली की घरी यायचा नाही, निवडणूक संपली की घराबाहेर जायचा नाही. मग त्याच्या डोक्यात आलं की विहिरीकडचा तुकडा विकायचा आणि मोठ्या रस्त्यावर काहीतरी धंदा टाकायचा. तो तुकडा माझ्या नावावर आहे. मी नाही म्हणाले. तो आठवडाभर रोज विचारत राहिला आणि मी रोज नाही म्हणत राहिले.

शेवटच्या दिवशी त्याने माझा उजवा हात धरला, पेनासकट, आणि विक्रीच्या कागदावर दाबला. मी हात ओढला. त्याने पिरगाळला. मनगट मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण गावात सगळे म्हणतात दारूने केलं, आणि कधीतरी तुम्हालाही कुणी तसं सांगेल. दारूने केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यानेच मला दवाखान्यात नेलं. सगळी वाट रडत होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आई मोरीत घसरली," आणि मी मान हलवली. प्लास्टर होतं तोवर त्याने माझी वेणी घातली, मला भात कालवून भरवला. मोठीची वेणी त्याने कधी घातली नसेल. त्याला घालता येत नव्हती. तो सालगड्याच्या बायकोकडून शिकला. मग प्लास्टर निघालं, आणि त्याच आठवड्यात तो पुन्हा तोच कागद घेऊन आला. या वेळी त्याने मला हात लावला नाही. कागद पलंगावर ठेवला आणि माझ्या मनगटाकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या आत्याला फोन केला. ती पुण्याहून आली. मोरीत घसरल्याची गोष्ट तिने एका वाक्यात मोडून काढली आणि मला तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्यांकडे घेऊन गेली. घरात त्रास होणाऱ्या बाईसाठी सरकारने नेमलेलं हे माणूस असतं. माझ्या डोक्यात होतं की हा कायदा सुनांसाठी आहे. त्या अधिकारी बाई म्हणाल्या, "आयांसाठी पण आहे. पण आया येत न्हाईत." कोर्टाने आदेश दिला तो असा: गैरअर्जदाराने अर्जदाराच्या घरात वा शेतात पाऊल ठेवू नये, तिच्याजवळ जाऊ नये. गैरअर्जदार म्हणजे तो. एक प्रत पोलीस ठाण्यात गेली, एक माझ्या कपाटात.

त्याने तालुक्याला एक खोली घेतली. एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला लागला. कोर्टाच्या कागदाप्रमाणे वागला, अगदी अक्षरशः. आपल्या शेताच्या कडेने रस्ता जातो आणि ओढ्यावर छोटा पूल आहे, तुम्ही तिथून खडे टाकायचात. तो कधीमधी मोटारसायकलवर त्या पुलापर्यंत यायचा, गाडी बंद करून थोडा वेळ बसायचा आणि जायचा. पूल आपल्या हद्दीत नाही. गावात लोक बोलायचे ते बोललेच. किराणा दुकानात एकजण माझ्या तोंडावर म्हणाला, "बाई, लोक रानडुकरांसाठी तारेचं कुंपण करतेत, तुमी लेकासाठी केलंत." मी साखर घेऊन घरी आले.

आता येळवस. तुमच्या जन्मानंतर दोनदा तुम्ही येळवशीला इथे होता, पण मोठीला फक्त मधमाशी चावलेली आठवत असेल. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात चूल पेटत नाही, सगळं गाव शेतात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोपी करतात, म्हणजे छोटी झोपडी. तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. आदल्या दिवसापासून बायका भज्जी शिजवतात. तुमच्याकडे तळून करतात ती भजी नव्हे, सगळ्या शेंगा-भाज्यांची चिंचेतली आमटीसारखी दाट भाजी. बरोबर बाजरीचे उंडे, आणि माठात आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ शिजवून गार केलेली. जेवणाआधी घरच्या कर्त्या पुरुषाने आंबिलीचं मडकं घेऊन सगळ्या शेताला फेरी घालायची, पिकावर शिंपडत, ठरलेली आरोळी देत. आणि त्या दिवसाचा एक नियम आहे. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बोलवायचं. ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं, ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही. बांधावर उभ्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

आजोबांनंतर फेरी तुमचे बाबा घालायचे. कागद झाल्यावर पहिल्या वर्षी सालगड्याने घातली. त्याला आरोळी जमते, पण तो गुडघ्यांनी अधू आहे. हिंदकळून अर्ध्या वाटेत आंबील संपली.

दुसऱ्या वर्षी आम्ही पांडवांची पूजा करून उठलो आणि सालगड्याची बायको मला म्हणाली, "बाई, बांधावर पाव्हणं उभं हाय."

मी बघितलं. तो पुलावरून उतरून बांधापर्यंत आला होता. चप्पल बांधाच्या पलीकडे काढून ठेवलेली होती. पाय मात्र बांधाच्या रेषेवर होते, आत नव्हते.

"किती येळ झाला?" सालगडी म्हणाला.

"तुमी घंटी वाजवत व्हता तवापासून," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "अमुशाचं माणूस परत धाडत न्हाईत. मी आपलं सांगितलं. तुमचं तुमी बघा."

मी म्हणाले, "बोलव."

तिने पदर खोचून हाक मारली ती अशी, की तीन शेतं पलीकडचे लोकही वळले. "ये की रं! का आमंतरणपत्रिका पायजे? लई शाना झालास व्हय शहरात ऱ्हाऊन?"

तो आला. माझ्या पाया पडला नाही. कागद पाळायचा म्हणून दोन हात लांब थांबला की धीर झाला नाही म्हणून, ते कळलं नाही. सालगड्याने मडकं त्याच्या हातात दिलं. त्याने शेताला फेरी घातली. त्याचा आवाज अगदी आजोबांसारखा आहे, हे मी विसरले होते. ज्वारीच्या पलीकडे तो दिसेनासा झाला की फक्त आवाज येत होता, आणि मी कोपीच्या तोंडाशी पातेल्याला धरून उभी होते. मग तो जेवायला बसला. मी त्याला वाढलं. तो खूप जेवला. जाताना म्हणाला, "आई, हरभऱ्याला एक पाणी दे." बस्स.

शेतात पाहुणे होते. त्यांतल्या कुणीतरी मोबाईलवर ते सगळं घेतलं होतं आणि वर गोड गोड शब्द लिहून पाठवलं होतं: आई ती आईच, वगैरे. गावभर फिरलं. फिरत फिरत पुण्यालाही गेलं.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला शोरूममधून उचललं. कोर्टाचा आदेश मोडला म्हणून. मनाई असलेल्या शेतात तो जेवत बसल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं, तो स्वतःही नाही म्हणाला नाही. फोन कुणी केला ते ठाण्यातल्या जमादारांनी मला सांगायचं टाळलं, पण मला विचारावं लागलं नाही. त्या संध्याकाळी तुमच्या आत्याचा फोन आला.

"मीच केला," ती म्हणाली.

"मी त्याला बोलावलं होतं. येळवस होती."

"माहितीये मला येळवस होती. आई, तू तो व्हिडिओ बघितलास का?"

"गावाने बघितला."

"तू बघ. नीट बघ. तू त्याला डाव्या हाताने वाढतीयेस. उजवा हात पदराखाली आहे. पूर्ण वेळ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डाव्या हाताने वाढून घेतलं म्हणून तू मला लहानपणी पाटावरून उठवलं होतंस," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. "मी फोन करणार नाही तर काय करणार गं?"

मी व्हिडिओ पाहिला. तिचं खरं होतं. माझा डावा हात भज्जी वाढत होता, पळी वेडीवाकडी धरलेली होती, आणि उजव्या हाताची जागा पदराने झाकली होती. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. मी तर आनंदात होते.

तुमच्या आत्यावर रागावू नका. मी रागावले नाही. तिने भावाला तुरुंगात घातलं असं लोक म्हणतात, पण तिने माझ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

तो जामिनावर सुटला तोवर मी वकिलांकडे दोन फेऱ्या घातल्या होत्या. म्हटलं, बोलावलं मी, मग गुन्हा त्याचा कसा? वकील म्हणाले, "बाई, आदेश त्याच्यावर आहे, तुमच्यावर न्हाई. तुमी बोलावलं तरी त्यानं यायचं न्हाई. आदेश उठला तरच तुमच्या हाकेला अर्थ." मी त्या कायद्याची इंग्रजी प्रत मिळवून वाचली. त्यांचं बरोबर होतं. मी स्वतःच्या हाकेवरही मनाई आणून ठेवली होती. पुढच्या येळवशीला तो बांधावर आला तर एकतर मी त्याला उपाशी परत पाठवायचं, नाहीतर ठाण्यात. तिसरं काही नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की आदेश उठवायचा. त्याने घरी यावं, आजोबांच्या खोलीत राहावं. त्याचं वय काही खोलीत एकटं स्टोव्हवर खिचडी करायचं नाही. आणि मी तरी किती दिवस आहे?

वकिलांनी शपथपत्र तयार केलं. मी प्रत्येक वाक्य वाचते, त्यांना सवय नव्हती. एका वाक्यावर थांबले. 'परिस्थिती बदलली असून अर्जदारास आता गैरअर्जदाराकडून कसलीही भीती राहिलेली नाही.'

"हे वाक्य हवंच का?" मी विचारलं.

"बाई, तेच वाक्य म्हणजे अर्ज. बाकीची नुसती झालर."

मी सही केली. मनगटात थंडीमुळे कळ येते, म्हणून जरा थांबून केली.

तारीख लागली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. मी, सालगड्याची बायको आणि वकील कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर बसलो. तुमचे बाबा समोरच्या बाकावर. दाढी केलेली, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मी त्याला ये म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "कागद अजून हाय, आई." मग पाण्याची बाटली आणली आणि ती मधल्या फरशीवर ठेवून मागे गेला. सालगड्याच्या बायकोने उठून ती घेतली. "बघा बाई," ती म्हणाली, "मारक्या म्हशीम्होरं गडी असंच घमेलं ठिवून मागं सरतेत." तो मोठ्याने हसला. मीही हसले. पलीकडच्या बाकावरचे दोन वकील आमच्याकडे बघायला लागले.

मला व्हरांड्यातून बाहेर त्याची मोटारसायकल दिसत होती. मागच्या सीटवर वळकटी बांधलेली होती, आणि तिच्यावर एक पिशवी. तो खोली सोडून आला होता.

पुकारा झाला. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. माझ्या शेवटच्या वर्गात बसल्या असत्या इतक्या तरुण. त्यांनी शपथपत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि वकिलांना म्हणाल्या, "मी यांच्याशी एकट्यांशी बोलेन." मला आतल्या खोलीत नेलं. बसायला सांगितलं. चहा विचारला, मी नको म्हणाले.

"कुणी दबाव आणलाय का?"

"नाही."

"मुलाने सांगितलं का अर्ज करायला?"

"त्याला मी सांगितलं."

"तो बदललाय?"

"बदलला असावा. कागद पाळतो."

"कागद पाळतो, हे दिसतंय," त्या म्हणाल्या. "कागद नसताना काय करतो ते विचारतेय मी." मग थोडा वेळ त्या शपथपत्राची पानं सरळ करत राहिल्या. "तुमच्याकडे भाकरी चुलीवर करता की गॅसवर?"

मला वाटलं त्या विषय बदलत आहेत. "चुलीवर. गॅस आहे, पण भाकरी चुलीवर."

"चूल कुठे आहे? म्हणजे भाकरी थापताना तुमची पाठ कुठे असते?"

"दाराकडे."

"तो घरी आला, दारात उभा राहिला. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापाल का?"

मुलांनो, त्या वेळी मला 'हो' म्हणायचं होतं. ते किती लहान उत्तर आहे. खिडकीबाहेर वळकटी होती. मी सही करून बसले होते. माझं 'हो' त्यांनी लिहून घेतलं असतं, आणि दुपारपर्यंत आम्ही घरी असतो. मी चूल डोळ्यांसमोर आणली. तवा ठेवला. पीठ घेतलं. तो दारात उभा राहिला, काही वाईट करत नव्हता, नुसता उभा होता, आणि माझी मान आपोआप वळली. पुन्हा तवा ठेवला, पुन्हा पीठ घेतलं. पुन्हा मान वळली.

"नाही," मी म्हणाले.

"मग हा अर्ज कशासाठी?"

"तो माझा मुलगा आहे."

"ते पहिल्या आदेशातच लिहिलंय," त्या म्हणाल्या. रागाने नाही. त्यांनी माझ्यासाठी पाणी ओतलं. मग समजावून सांगितलं: तुम्ही अजूनही म्हणालात तर मी आदेश उठवेन, तो तुमचा हक्क आहे, मी अडवणार नाही. पण भीती राहिली नाही, हे वाक्य मी खरं म्हणून लिहू शकत नाही. "आता सांगा. उठवू?"

मी त्यांना विचारलं, मी बोलावल्यावर तो शेतात आला तर त्याला तुरुंगात जावं लागू नये, एवढं करता येईल का? त्या म्हणाल्या, येईल. दिवसा, शेतात, चार माणसं असताना, तुम्ही बोलावलं तर. घर नाही. मी म्हणाले, मग तेवढंच करा. त्यांनी आदेश तसा बदलला. येळवशीला मी बोलावलं होतं, हा जबाबही घेतला. आदेश मोडल्याची ती केस अजून चालू आहे.

मी बाहेर आले तेव्हा तो बाकावरून उठून उभा होता. या वेळी तो जवळ आला. कदाचित त्याला वाटलं, आता चालतं.

"झालं?"

"शेत सुटलं," मी म्हणाले. "घर राहिलं."

"म्हंजे?"

मी त्याला सांगितलं. शेताचं सांगितलं, दिवसा आणि चार माणसांत. मग चुलीचंही सांगितलं. ते लपवता आलं असतं, पण ते त्याला वकिलाकडून कळलं असतं आणि ते जास्त वाईट झालं असतं. तो ऐकत होता तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. मनगटाकडे बघत होता. पण या वेळी पाहणं वेगळं होतं, आणि ते मला आतल्या खोलीत माहीत असतं तर, असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं.

"बरं," तो म्हणाला. पायऱ्या उतरून मोटारसायकलकडे गेला. वळकटीची दोरी सैल झाली होती, ती सोडून पुन्हा घट्ट बांधली. बराच वेळ बांधत होता. मग गेला.

रिक्षा गावच्या फाट्यापाशी आल्यावर सालगड्याची बायको म्हणाली, "येवढं एक खोटं बोलायला काय झालतं, बाई? सगळं गाव रोज बोलतंय."

"तू असतीस तर बोलली असतीस?"

"मी तर शंभर बोलले असते."

"आणि भाकरी थापताना?"

ती म्हणाली, "भाकरी मी थापली असती की. तुमी पलंगावर बसायचं."

तिने हे आधी सुचवलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तिच्यावर तरी ती वेळ का आणावी?

तो खोलीवर परत गेला. मालकाने ती अजून दुसऱ्याला दिली नव्हती, एवढं बरं झालं. पावसाळाभर तो पुलापाशीही आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला, मका काढताना ये, सोयाबीनला ये. चार माणसं होती, दिवस होता. आला नाही. सालगड्यामार्फत उत्तर यायचं: काम हाय.

परवा येळवस झाली. तुमच्या फोननंतर थोड्याच दिवसांनी. सकाळी मी स्वतः बांधावर जाऊन उभी राहिले. पाहुणे येत होते. पुलावर मोटारसायकल थांबलेली दिसली. मी हाक मारली. माझा आवाज आता तिथवर जात नाही, म्हणून सालगड्याच्या बायकोनेही मारली, पण या वेळी तिने टोमणा जोडला नाही.

तो आला. फेरी घातली. आंबील शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पुरली. मग सगळे पंगतीला बसले. तो जरा बाजूला, पंगतीच्या टोकाला बसला, आणि मला आधी कळेना की त्याच्यात काय चुकीचं दिसतंय. पंगत माझ्याकडे तोंड करून होती. तो ज्वारीकडे तोंड करून बसला होता. पाठ माझ्याकडे.

एका पाहुण्याने म्हटलं, "अहो, इकडं फिरा की, आईकडं पाठ कावून?"

"असू दे," तो म्हणाला. "मला असंच बरं हाय."

मी पातेलं घेऊन पंगतीच्या समोरून गेले. त्याच्या मागे उभी राहिले. मानेवरचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, ते फोनवर तुम्हाला दिसत नसतील. मी वाकून त्याच्या पत्रावळीवर भज्जी वाढली, उजव्या हाताने. मनगट दुखलं, पण ते नेहमीचं. त्याने मान वळवली नाही. माझा हात पुढे आलेला त्याने पाहिला असणार, कारण उंडा मोडताना त्याचे हात थांबले होते.

मग तो म्हणाला, ज्वारीकडे बघतच, "आई, मीठ कमी हाय."

मीठ कोपीत होतं. ते आणायला मी वळले, त्याच्याकडे पाठ करून. कोपीपर्यंत जाताना मी एकदा मागे पाहिलं. तो तसाच बसला होता, हात मांडीवर ठेवून, मिठाची वाट बघत.